सात वाजताचा पेला

११ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मंगळवारी आलं आणि नेहमीसारखं तुमच्या दादांनी आधी वाचलं. टेबलाशी बसून, मोठ्यांदा, मी भाजी चिरत असताना. घरात आलेलं पत्र म्हणजे वर्तमानपत्र असा ह्यांचा समज आहे. त्यामुळे माझ्या गुडघ्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते आता वाचनालयाच्या बाकावरच्या चारही म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. पुढच्या वेळी जपून लिहा. फोनवर बोललो असतो, पण तुमचा उजवा कान आणि आमच्या फोनची खरखर यांचं कधी जमलंय?

आता बातमी. तुमचे दादा वाईन प्यायला लागले आहेत. घाबरू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमच्या दवाखान्यात साठी ओलांडलेल्या, थोडी साखर असलेल्या लोकांवर एक अभ्यास चाललाय. वर्षभर रोज संध्याकाळी सातला, जेवणाबरोबर, निम्म्या लोकांनी लाल वाईनचा एक छोटा पेला घ्यायचा आणि निम्म्यांनी साधं पाणी. साखर, चरबी, पोटाचा घेर, सगळं दर दोन महिन्यांनी मोजणार. कुणाला काय ते चिठ्ठी ठरवते. आमची चिठ्ठी उघडताना मी मनातल्या मनात पाणी, पाणी म्हणत होते. निघाली वाईन.

अभ्यास चालवणारी डॉक्टरीणबाई पस्तिशीची असेल. मी तिला स्पष्टच विचारलं, हे चांगलं की वाईट? ती म्हणाली, "आजी, कुणी म्हणतं थोडी बरी, कुणी म्हणतं थेंबही नको. नक्की ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?" उत्तर प्रामाणिक होतं, पण माझी भीती काही गेली नाही. तुम्हाला माहीत आहे, मी बत्तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. त्यातली सतरा वर्षं लिव्हरच्या वॉर्डाची बिनमिठाची ताटं माझ्या हातून गेली. ताट परत यायचं तेव्हा त्यात किती उरलंय यावरून मला कळायचं, उद्या हे ताट लागेल की नाही.

पण हे इतके खूश आहेत की नाही म्हणायचा धीर झाला नाही. चाळीस वर्षं भिंगं घासली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना कुणी कामाचं काही विचारलंच नाही. आता त्यांच्याकडे रेघ असलेला पेला आहे, वही आहे, तारीख आहे. रोज पेला झाला की वहीत सही करतात आणि साक्षीदार म्हणून खाली मी करते. बाटली दर मंगळवारी गाडीने येते. संधिवातामुळे ह्यांना झाकण फिरवता येत नाही, म्हणून उघडायचं आणि ओतायचं काम माझ्याकडे.

तुमच्या साखरेचं काय? नवीन गोळी लागू पडली का?

तुमची वहिनी


२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

(दादा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. नमस्कार. चष्मा पूस.)

हसून हसून पुरेवाट झाली. आयुष्यभर लिमलेट चोखणारा आमचा दादा आता पेला उंचावून बसतो! लहानपणी खोकल्याचं औषध पाजायला दोघांनी धरावं लागायचं त्याला. त्याच्या पेल्यावरची रेघ कुणी काढली आहे ते विचार, सरळ नसेल तर मी काढून देते. भूमापन कार्यालयात मी अठ्ठावीस वर्षं रेघाच तर काढल्या.

माझी गोळी लागू पडते आहे, जरा जास्तच. कधीकधी दुपारी हात थरथरतो आणि दोन बिस्किटं तोंडात टाकावी लागतात. हात थरथरला की काम थांबतं. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळासाठी पायवाटांचा नकाशा करते आहे, अगदी बारीक निबाने. एकेक झरा, एकेक दगडी पायरी. सहा महिन्यांचं काम आहे. कुणी मागितलं म्हणून करते आहे, त्याचंच अप्रूप. दादाचं पेल्याचं मला नीट समजलं.

संध्याकाळी मात्र हात रिकामे असतात. हे गेल्यापासून सहा ते नऊ हा वेळ कुणी बनवला असेल असा प्रश्न पडतो. तुम्ही दोघं सात वाजता टेबलाशी बसता हे वाचून बरं वाटलं. पूर्वी तर नऊ वाजता टीव्हीसमोर ताटली मांडीवर घेऊन जेवायचात.

दादाचे आकडे आले की कळव.

तुझी


२० एप्रिल
(लिहून, पाकिटात घालून, न पाठवलेलं)

वन्सं,

हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पहिल्या आठवड्यात मी सांगितल्याप्रमाणे ओतत होते. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या गालांवर लाली आली आणि हे गुणगुणायला लागले. तुम्ही असतात तर हसला असतात. मला वॉर्डातली माणसं दिसायला लागली. पिवळे डोळे, टरटरीत पोट, आणि प्रत्येकाच्या बायकोचं एकच वाक्य, "आधी थोडीच घ्यायचे हो."

दुसरा मंगळवार आला. हे वाचनालयात गेले होते. मी बाटली उघडली, सगळी पातेल्यात ओतली आणि मंद आचेवर उकळली. अर्धा तास, दारू उडून नुसतं आंबट पाणी उरेपर्यंत. घरभर आंबूस वास सुटला, सगळ्या खिडक्या उघडल्या. जेवढं आटलं तेवढा कडक कोरा चहा घातला, गार केलं, बाटलीत भरलं, झाकण लावलं. संध्याकाळी ह्यांनी पहिला घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाले, "आज जास्त तुरट आहे. मुरलेली दिसते."

तेव्हापासून दर मंगळवारी हेच. तेरा बाटल्या झाल्या. ह्यांनी आयुष्यात दुसरी वाईन प्यायलेली नाही, तेव्हा खरी कशी लागते ते कळणार कसं? वर सांगतात काय, की पहिल्या घोटाला कान गरम होतात. वन्सं, चहाने!

आणि गंमत म्हणावी की शिक्षा, ह्यांची तीन महिन्यांची साखर साडेसातावरून पावणेसातावर आली. पट्टा दोन भोकं आत गेला. डॉक्टरीणबाईंनी ह्यांचा हात हातात घेतला. मला कारण दिसतं. आम्ही सातला जेवतो. तास-तासभर बसतो. पेला उचलायचा म्हणून टीव्ही बंद असतो. दवाखान्यात हे चालत जातात. पण वहीत हे काही लिहायची जागा नाही. वहीत एकच ओळ, "घेतली", आणि खाली माझी सही. बत्तीस वर्षांत मी एकाही रोग्याचं ताट बदललं नाही. सात नंबरचं आठ नंबरला गेलं नाही. आणि आता स्वतःच्या नवऱ्याचा पेला बदलते आणि वर साक्षीदार म्हणून सही ठोकते.

हे पत्र तुम्हाला पाठवलं तर तुमचं उत्तर येईल आणि ते हे टेबलाशी मोठ्यांदा वाचतील. म्हणून पाठवत नाही. असं मी स्वतःला सांगते.


६ मे

प्रिय वहिनी,

दादाचं चार पानी पत्र आलं. चार पानं! माझ्या लग्नात त्याने मला दीड ओळ लिहिली होती. सोबत आलेखही आहे, साखरेचा, लाल शाईने. उतरती रेघ इतकी सुंदर आहे की नकाशातली नदी वाटावी. लिहितो, "तू पण घे. रोज एक पेला, सात वाजता, जेवणाबरोबर. माझ्याकडे बघ."

आता तुला विचारते, कारण दादा म्हणजे उत्साहाचा झरा. त्याला दाढीचा नवा साबण मिळाला तरी आयुष्य बदलल्यासारखं वाटतं. तू इस्पितळ आतून पाहिलेली बाई. तू खरं सांगशील. त्याला खरंच वाईनने गुण आला का? मी घ्यावी का?

माझ्या डॉक्टरांना विचारलं नाही. ते नको म्हणतील, त्यांना सगळंच नको असतं. तू हो म्हणालीस तर घेईन, नाही म्हणालीस तर विषय संपला.

तुझी


१५ मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि दोन दिवस छाती काढून हिंडले. आता हे शेजारी बसलेत आणि मी काय लिहिते त्यावर लक्ष ठेवून आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ह्यांचा सातचा पेला एकही दिवस चुकलेला नाही. साखर उतरली आहे, ती डॉक्टरीणबाईंनी स्वतः दाखवली. घेर कमी झाला आहे. जेवण वेळेवर होतं आणि चालणंही वाढलं आहे, त्याचाही हातभार असेलच. ज्याची त्याची प्रकृती वेगळी. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

नकाशा कुठवर आला? झऱ्याजवळ बसायला बाक आहे का, ते दाखवा. म्हातारी माणसं आधी बाक शोधतात.

तुमची वहिनी


३० जून

प्रिय वहिनी,

"तुम्ही सुज्ञ आहात" याचा अर्थ "हो" असा मी घेतला. दादासमोर तुला कौतुक करायचं नव्हतं, एवढं न कळायला मी काय परकी आहे? नवऱ्याचं कौतुक उघड केलं की तो डोक्यावर बसतो.

तर पंधरा दिवस झाले. दुकानात गेले तेव्हा चेहरा असा केला की जणू पाहुण्यांसाठी घेते आहे. दुकानदार म्हणाला, "आजी, भेट द्यायची का? कागदात गुंडाळून देऊ?" मी म्हटलं, दे. घरी येऊन स्वतःच उलगडली. शाई मोजायच्या काचेच्या नळीने शंभर मिलिलिटर मोजलं आणि पेल्यावर रेघ ओढली. माझी रेघ सरळ आहे.

सातच्या ठोक्याला बसते. तिकडे तुम्ही बसला असाल, असं धरून. चव काही विशेष नाही, पण त्या वेळी तिघं मिळून एकच गोष्ट करतोय असं वाटतं. सहा ते नऊमधला एक तास तरी कुणीतरी बनवलेला वाटतो.

नकाशा अर्ध्यावर आला. बाक दाखवलाय, खास तुझ्यासाठी.

तुझी


९ जुलै

प्रिय वन्सं,

घाईत लिहिते आहे, हे बाहेर गेलेत तेवढ्यात. रिकाम्या पोटी घेऊ नका. आधी जेवा, नीट, पोटभर. आणि तुमच्या गोळीबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचारा. कंटाळा करू नका. विचाराच.

आणखी एक सांगायचं होतं, ते नंतर लिहीन.

वहिनी


२४ ऑगस्ट

वहिनी,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी पडले. खुर्चीतून उठले, घाम फुटला, पुढचं आठवत नाही. खालच्या शेजारणीने खुर्ची पडल्याचा आवाज ऐकला म्हणून बरं. साखर एक्केचाळीसवर गेली होती म्हणे. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची पट्टी घातली आहे. डॉक्टर म्हणतात सांधेल, पण बारीक कामाचं सांगता येत नाही.

ते चिडले. म्हणाले, ही गोळी, वर वाईन, कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या दादाला चालते. ते म्हणाले, दादा हीच गोळी घेतो का? मला माहीत नव्हतं.

तू बिचारीने लिहिलं होतंस, विचारा म्हणून. मीच ऐकलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. पाकिटावर 'फक्त वहिनीसाठी' असं लिहिलं आहे; दादाला वाईनचं सांगू नकोस, पाय घसरला असं सांग. त्याचा आनंद कशाला घालवायचा.


२९ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांच्या आधी मी उघडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग मोरीत जाऊन दार लावून रडले. तुम्ही मला बिचारी म्हणालात. शिव्या दिल्या असत्यात तर सोसल्या असत्या.

सोबत एक जुनं पत्र जोडलं आहे, एप्रिलमधलं. ते आधी वाचा, मग हे.

वाचलंत? आता पुढचं. तुमच्या दादांनी दुसऱ्या आठवड्यापासून वाईनचा धड एक पेलाही घेतलेला नाही. जो आलेख बघून तुम्ही दुकानात गेलात तो उकळलेल्या पाण्याचा आणि कोऱ्या चहाचा आलेख आहे. तुम्ही मला सरळ विचारलंत, घेऊ का? मी जे उत्तर लिहिलं त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. ते लिहिताना मी प्रत्येक वाक्य तपासलं होतं. नरो वा कुंजरो वा. ते पत्र तोलूनमापून लिहिलं होतं, याचीच मला जास्त लाज वाटते. घाईत खोटं बोलून गेले असते तर चूक म्हणता आली असती.

अजून एक आहे आणि ते सगळ्यात वाईट आहे. अभ्यासाचे नियम आमच्या फ्रिजवर चिकटवलेत. चौथी ओळ अशी, की साखर खाली ओढणारी अमुक गोळी घेणाऱ्यांना अभ्यासात घेत नाहीत. ती तुमचीच गोळी. तुमच्या दादांना गोळीच नाही, ते पथ्यावर आहेत. मी ती ओळ रोज बघते, दूध काढताना, ठेवताना. मे महिन्यात तुम्हाला लिहिताना ती मला पाठ होती. लिहिली असती तर तुम्ही घेतली नसती. पण लिहिली असती तर तुम्ही पुढचं विचारलं असतंत, आणि चोराच्या मनात चांदणं. जुलैत धीर करून अर्धं लिहिलं. "नंतर लिहीन" म्हटलं ते हेच. तेही अर्धं.

ह्यांना मी पाय घसरल्याचं सांगितलं, तुम्ही म्हणालात म्हणून. म्हणजे आणखी एक.

मी येऊ का? तुम्हाला आंघोळीला, स्वयंपाकाला हात लागेल. नको म्हणालात तरी समजेन.

वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी,

तुझी दोन्ही पत्रं तीनदा वाचली. पहिल्यांदा विश्वास बसला नाही. दुसऱ्यांदा इतका राग आला की डाव्या हाताने पेला भिंतीवर मारला. डावा हात माझा नेम धरत नाही, पेला पडद्यात अडकला आणि फुटलासुद्धा नाही. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा थोडी हसलेही, कान गरम होतात त्यावर. म्हणून आता लिहिते आहे. तीन आठवडे लागले.

येऊ नकोस. शेजारीण येते.

मी खरं सांगितलं नाही असंही काही आहे. सांगते, म्हणजे बरोबरी होईल म्हणून नव्हे. मी जेवत नव्हते. एकटीसाठी कोण चूल पेटवतं? सातला पेला भरायचे, आणि जेवणाचं बघू म्हणता म्हणता नऊ वाजायचे, मग बिस्किटं. तुला लिहिलं, बसते; बसून काय खाते ते लिहिलं नाही. आणि माझी ती सरळ रेघ. ऑगस्टमध्ये मी ती केव्हाच ओलांडली होती. दादाच्या आलेखाने मला परवानगी मिळाली, पण ती मी शोधतच होते. बाटली आली, पण तुमचं टेबल काही आलं नाही.

एवढं कबूल केलं म्हणजे तू सुटलीस असं नाही. चौथ्या ओळीचं मला विसरता येत नाही. काल निब धरून पाहिला. अंगठ्याला काही कळतच नाही. मंडळाला निरोप धाडला की नकाशा दुसऱ्या कुणाकडे द्या. ते म्हणाले, थांबतो. मी म्हटलं, थांबू नका.

आता ऐक. मला फसवलंस ते एक वेळ मी गिळीन, माझं आयुष्य तसंही गिळण्यात गेलं. पण दादा रोज सही करतो आहे. तुझ्या शेजारी बसून, तुझ्यावर विश्वास ठेवून, त्या पोरीच्या अभ्यासात. त्याला सांग. तू सांग, मी नाही सांगणार. सांगितलंस की लिही. तोवर मला पत्र पाठवू नकोस.


१८ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

सांगितलं.

गेल्या आठवड्यात रविवारी, सात वाजता, ह्यांनी पेला पुढे केला तेव्हा. मी बाटली खाली ठेवली आणि म्हटलं, ह्यात वाईन नाही. ह्यांना वाटलं थट्टा करते आहे. मग पातेल्याचं सांगितलं, चहाचं सांगितलं. ह्यांनी बाटली दिव्यासमोर धरून बघितली. मग विचारलं काय, तर, "मग माझे कान कशाने गरम व्हायचे?" मला हसू आलं आणि त्याच क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तुमच्या पडण्याचं सांगितलं, तुमच्या गोळीचं, चौथ्या ओळीचं. तेव्हा उठले आणि आतल्या खोलीत गेले. तुम्हाला त्यांनी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात काय आहे मला माहीत नाही. मला वाचून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ह्यांनी मला बोलू दिलं नाही. स्वतः म्हणाले, "माझ्या पेल्यात वाईन नव्हती. मी जे लिहिलं ते खरं समजून लिहिलं." माझं नाव घेतलं नाही. मग मीच म्हटलं, मी केलं. ती रागावली नाही, नुसती खुर्चीत मागे टेकली. मला वाटत होतं ह्यांचं नाव खोडेल, सगळे कागद फाडेल, आणि मी एकदाची मोकळी होईन. तसं नसतं म्हणे. ज्याच्या चिठ्ठीत वाईन निघाली तो शेवटपर्यंत वाईनच्याच गटात मोजला जातो, प्यायला असो वा नसो. नाहीतर ज्याला जे सोयीचं ते लोक सांगतील. शेजारी टीप लिहिली, आणि ह्यांना वगळून एक दुसरी बेरीज करणार आहेत. पण मुख्य बेरजेत माझा चहा वाईन म्हणून राहणार. मी म्हटलं, हे बरोबर नाही. ती म्हणाली, "आजी, बरोबर नाहीच. पण आता ते असंच राहील."

वाचनालयात हे एकटे गेले. चौघांना बाकावर बसवून सांगितलं, मी नऊ महिने चहा पीत होतो. त्यातल्या दोघांनी ह्यांच्या सांगण्यावरून सुरुवात केली होती, त्यांना हात धरून डॉक्टरकडे नेलं. हसले असतील लोक.

मला एकच विचारलं, तेही चौथ्या दिवशी. "तू मला सांगितलं असतंस, मला भीती वाटते, नका घेऊ, तर मी घेतली असती का?" मला माहीत आहे, नसती घेतली. चाळीस वर्षांत ह्यांनी माझं एवढंसं मागणं मोडलेलं नाही. मी मागितलंच नाही, वन्सं. मागायच्या ऐवजी पातेलं चढवलं.

राग म्हणाल तर गेला. बोलतात, पेपर वाचून दाखवतात, संध्याकाळी सातला येऊन बसतात. बाटली बंद झाली. आता दोघंही पाणी पितो. मला वाटलं, निभावलं.

या मंगळवारी मी सूप वाढलं. हे वाचनालयातलं काहीतरी सांगत होते. सांगता सांगता वाटी उचलली, नाकाशी नेली, हुंगली आणि मग प्यायले. पुढचं वाक्य तसंच चालू राहिलं. त्यांना कळलंसुद्धा नाही. मला आधी वाटलं, सहज केलं असेल. काल सकाळी चहाचं तसंच. आज दुधाचं. मुद्दाम करत असते तर भांडले असते मी, तुमच्या वहिनीचं तोंड तुम्हाला माहीत आहे. पण ते मुद्दाम करत नाहीत आणि म्हणून मला काही बोलताही येत नाही. नुसती समोर बसते आणि दुसरीकडे बघते.

तुमच्या अंगठ्याचं ह्यांना कळल्यापासून हे तुम्हाला आणायचं म्हणत आहेत. या. माझ्यासाठी नको, ह्यांच्यासाठी या. सातला जेवतो आम्ही. तुमच्याही पुढे वाटी ठेवीन, त्यात काय काय घातलं ते विचाराल तर सगळं सांगेन. आणि न विचारता तुम्हीही नाकाशी नेलीत तर नेऊ दे, मला समजेल.

तुमची वहिनी